येणाऱ्याची मूठ

पौष महिन्यातली एक साधी सकाळ होती. तळ्याकाठच्या एका गावात एक वृद्ध वैद्य आपल्या पडवीत उन्हाकडे पाठ करून बसले होते आणि त्यांचा शिष्य खलबत्त्यात हिरडा कुटत होता. ज्या दिवशी काही विपरीत घडायचं असतं, तो दिवसही इतर दिवसांसारखाच उगवतो. त्या दिवशीही तळ्यावर धुकं होतं, हिरडा चांगला वाळलेला होता आणि शिष्याची पत्नी बहिणीच्या गावी बारशाला निघाली होती.

शिष्याचं नाव केवळराम. वय पन्नाशीकडे झुकलेलं, केस पिकू लागलेले. पण वैद्यांच्या पडवीत तो अजून शिष्यच होता. वैद्यांना सारा गाव बाबा म्हणे. केवळरामाने त्यांच्याकडून नाडी शिकली, काढे शिकले, चूर्णं शिकली. मात्र सर्वांत मनापासून तो शिकला ते पथ्य. शिळं अन्न जड असतं, शरीराला मंद करतं, रोगाला वाट करून देतं, हे बाबांचं वाक्य त्याने एकदा ऐकलं आणि जन्मभरासाठी उचललं. रोग्यांना तो ते सांगेच. घरीही कसोशीने पाळी.

त्याच्या पत्नीचं नाव दुर्पता. तिचा नियम वेगळा होता. घरात माणसं दोनच, मूलबाळ नव्हतं; तरी तांदूळ धुताना दोघांच्या मापावर ती आणखी एक मूठ घाली. तिच्या माहेरी या जास्तीच्या मुठीला येणाऱ्याची मूठ म्हणत. औषधासाठी लांबून आलेला कोणी रोगी, वाट चुकलेला कोणी, बस चुकलेलं कोणी दारात उभं राहिलं, तर त्याच्यासाठी वेगळी चूल पेटवावी लागू नये, एवढाच तिचा हेतू. कोणी आलं की तो भात त्याच्या ताटात जाई. कोणी आलं नाही, तर तो रात्रभर झाकलेला राही आणि सकाळी दुर्पता त्याला फोडणी घाली. तळ्यातला मासा उरलेला असला, तर तोही काटे काढून त्यात जाई. मग मागच्या दारी पाट टाकून ती एकटी तो भात खाई. केवळराम पुढच्या सोप्यात बसून वाफाळता, ताजा भात खाई. हा ताजा भात कोणी रांधला आणि तिकडे मागे कोण काय खातं आहे, याचा विचार करण्याचं त्याला कधी कारण पडलं नव्हतं.

तर त्या सकाळी दुर्पता नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन बाबांच्या कुंपणाशी थांबली.

“अवो, ऐकता का? सकाळचा भात लई उरला. मडक्यात झाकून ठेवला आहे. मरळीच्या तळलेल्या तुकड्या शिंक्यावर आहेत. सांजच्याला मी बहिणीकडूनच डबा आणते. याले उद्या फोडणी घालीन. तुमी हात नोका लावू.”

“मी कशाला हात लावतो तुझ्या शिळ्याला?” केवळराम बत्ता न थांबवता म्हणाला.

“तेच म्हणते मी. तुमच्या शास्त्रानं माझा भात वाचवला. नाईतर माझ्या वाट्याले काई उरलंच नसतं.”

बाबा हसले. दुर्पताला तेवढंच पुरे होतं. ती कुंपणावरून वाकली.

“बाबा, तुमी तरी खासाल का एक दिवस? मरळ आहे, काटा नाई फारसा. लसणाची फोडणी देते.”

“अगं, हा बसलाय समोर. ह्याच्यादेखत मी शिळं खाल्लं, तर उद्यापासून हा मलाच पथ्य सांगेल.”

“मग मागच्या दारानं या.”

“येतो,” बाबा म्हणाले. “उद्या सकाळी येतो. वाढून ठेव.”

“बघा हं. म्हाताऱ्या माणसानं शब्द दिला आहे,” असं म्हणून ती हसत बसच्या रस्त्याला लागली. केवळरामाने हिरड्याचं चूर्ण वस्त्रगाळ करायला घेतलं.

ऊन डोक्यावर आलं, तेव्हा तिच्या बहिणीचा दीर सायकल दामटत आला. सायकल स्टँडवर लावायचंही त्याला सुचलं नाही; ती कुंपणाला तशीच टेकवून तो उभा राहिला. बारशाच्या घरात पाळणा म्हणता म्हणता दुर्पता मध्येच थांबली होती. पाणी द्या म्हणाली. पाणी आणेपर्यंत तिने भिंतीला डोकं टेकलं होतं. एवढंच. पाळण्यातलं मूल झोपलं होतं, त्याला काही कळलं नाही.

दुपारी गाडी आली, आणि दिवस मावळण्याच्या आत तळ्यापलीकडच्या स्मशानात सगळं झालंही.

त्या भागात रीत अशी, की घरात सुतक आलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून द्यायचं आणि शिजलेलं अन्न बाहेर टाकायचं. पुढे काही दिवस त्या घरची चूल पेटवायची नाही. शेजारी भाकर-पिठलं आणतात आणि घरच्या माणसाला पहिला घास आग्रहाने खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास पोटात गेला, की माणूस पुन्हा जगणाऱ्यांत आला असं समजायचं.

शेजारच्या भागरताबाईंनी घरातलं पाणी ओतलं. मग त्या भाताच्या मडक्यासाठी स्वयंपाकघराकडे वळल्या, तर दारात केवळराम बसलेला.

“भाऊजी, सरका जरा. भात बाहेर टाकाचा आहे.”

“राहू द्या,” केवळराम म्हणाला.

“असं नोका करू. सुतकातलं अन्न घरात ठेवत नाई.”

“तिने झाकून ठेवलंय.”

तो दारातून हलला नाही. भागरताबाईंनी आणलेलं पिठलं त्याच्यापुढे थिजून गेलं. जाणत्या माणसांनी समजावलं, एकाने रागावूनही पाहिलं. कडू घास त्याच्या ओठांपाशी नेला, तर त्याने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो त्याच उंबऱ्यावर बसून होता. पोटात अन्नाचा कण नाही, डोळ्यांत पाणी नाही. लोक हलक्या आवाजात बोलू लागले, की जोडीतलं एक गेलं आणि आता हा दुसराही असाच बसल्या बसल्या जाईल.

तेव्हा काठी टेकत बाबा आले. ते पुढच्या दारी थांबले नाहीत, घराला वळसा घालून मागच्या दारी आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, “केवळराम, मी जेवायला आलोय.”

जमलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. सुतकाच्या घरी गावातलं सर्वांत शहाणं माणूस जेवायला आलं होतं.

“दुर्पतानं बोलावलं होतं,” बाबा म्हणाले. “मरळीचा फोडणीचा भात. मी शब्द दिलाय. मडकं बाहेर आण.”

केवळरामाने प्रथमच मान वर केली. “बाबा, तो कालचा आहे.”

“ठाऊक आहे मला. तुझ्यासमोरच सांगितलं तिने.”

भागरताबाई पुढे झाल्या. वैद्यबाबांना कोणी उलट बोलत नसे. पण रीतीचा प्रश्न होता. “बाबा, या घरची चूल पेटवता येत नाई.”

“नको पेटवू. तुझ्या घरचा विस्तव आण. कढई तुझी, तेल तुझं. भात तेवढा तिचा.”

“आणि मासा? सुतकात मासा?”

“बाई, मासा तिने सुतकाआधी तळलाय. आणि दोष लागलाच, तर माझ्या नावावर घाल. माझ्या वयाच्या माणसाला न्यायला यमालाही काहीतरी निमित्त लागेलच की.”

कोणी हसलं नाही. पण भागरताबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. त्या घटकाभर उभ्या राहिल्या. मग घरी गेल्या आणि पाटीत निखारे, बुधलीत जवसाचं तेल आणि एक काळी, कान मोडलेली कढई घेऊन आल्या. “कढई जुनी आहे,” त्या म्हणाल्या, “नंतर मोडीत देऊन टाकीन.” अंगणात तीन दगड मांडून त्यांनी विस्तव रचला.

केवळरामाने मडकं बाहेर आणलं. शिंक्यावरून मरळीच्या तुकड्या काढल्या. शेजारीच एका वाटीखाली अर्धा कांदा झाकलेला होता, पाचसहा लसणाच्या पाकळ्या सोलून ठेवलेल्या होत्या, दोन सुक्या मिरच्या होत्या आणि खापरीत दोन घोट रस्सा होता. कोणी पाहुणा यायचा असावा तशी सगळी तयारी होती. केवळराम ते सारं एकेक करून अंगणात मांडत गेला. त्याने काहीही सांडू दिलं नाही.

बाबांनी भात नाकापाशी नेला, मग मासा. रोगी तपासावा तसा त्यांनी तो तपासला. “थंडीनं राखलंय. विटलेलं नाही,” ते म्हणाले. “आता सांग, ती कसा करायची?”

केवळराम मडक्याकडे पाहत म्हणाला, “मला ठाऊक नाही. मी कधी पाहिलं नाही.”

भागरताबाई भिंतीला टेकून म्हणाल्या, “मले ठाऊक आहे. पायलं मीपण नाई. पण मधात एक भिंतच आहे ना. रोज सकाळी आधी लसणाचा वास येये. मग मिरचीचा ठसका. माझी सून पलीकडून शिंके, आन् दुर्पता इकडून ओरडे, ‘बाई गं, जेवाले ये, नुसती काहून शिंकतेस?’ कांदा मागून पडे. मासा सगळ्यात शेवटी.”

हे ऐकताना कोणीतरी पदर डोळ्यांना लावला. भागरताबाईंनी मात्र कढईत तेल सोडलं.

“केवळराम, भात मोकळा कर,” बाबा म्हणाले. “डावाने नको. हाताने कर.”

केवळरामाने मडक्यात हात घातला. गार भाताचा गोळा झालेला होता. त्याने बोटांनी तो हळूहळू उकलायला घेतला. त्याला वाटलं होतं, आता याचा चिखल होईल. पण रात्रभराच्या थंडीने शीत न् शीत आटोपशीर झालं होतं आणि बोट लागताच वेगळं होत होतं. ताज्या भाताला फोडणी दिली, तर तो कढईला धरतो. गार झालेलाच भात फोडणीत मोकळा राहतो. ही गोष्ट स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही माहीत असते. केवळरामाला ती त्या सकाळी समजली.

मग त्याने मरळीच्या तुकड्या सोडवल्या. मधला काटा ओढून काढला, साल बाजूला ठेवली. तेलात लसूण पडला, मिरच्या पडल्या, अंगणभर ठसका उठला आणि भिंतीपलीकडून खरोखरच शिंक ऐकू आली. भागरताबाईंनी ओठ दाबून धरले. कांदा परतला, हळद पडली, मग मोकळा केलेला भात. त्यावर खापरीतला रस्सा शिंपडला. मासा वरून घालून भागरताबाई म्हणाल्या, “आता उलथनं नोका घालू. मासा मोडते. कढईच हलवा.” केवळरामाने फडक्याने कढई धरून ती तशीच हलवली. कढईवर झाकण पडलं. खाली भाताची खरपूड धरल्याचा वास आला, तेव्हा त्याने स्वतःच झाकण काढलं.

बाबांनी मागच्या दारचा पाट मागितला. ज्यावर दुर्पता रोज बसे, त्यावर ते बसले आणि पळसाच्या पत्रावळीवर पहिली वाढ घेऊन जेवू लागले. सावकाश, कौतुकाने, बोटं चाटत. वैद्यबाबांनी शिळं खाल्लेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

केवळरामाला राहवलं नाही. त्याच्या आवाजात दुखावलेपण होतं. “बाबा, शिळं वर्ज्य, हे तुम्हीच शिकवलंत. मी ते पाळलं. तिने कितीदा म्हटलं, एक घास खाऊन तर बघा. मी खाल्ला नाही. आणि आज तुम्ही...”

बाबांनी घास खाली ठेवला.

“शास्त्र खोटं नाही. रोग्याला शिळं देऊ नये. उद्याही मी तेच सांगेन. पण हा भात शिळा कसा झाला, ते शास्त्रात लिहिलेलं नाही. ते तुझ्या घरात घडत होतं. ती रोज न आलेल्या माणसासाठी रांधायची. तो आला, की त्याला वाढायची. नाही आला, तर त्याचा वाटा टाकून न देता स्वतः खायची आणि नवा भात रांधून तुला द्यायची. तू इतकी वर्षं ताजं जेवलास, कारण शिळं कोणीतरी न बोलता स्वतःकडे घेतलं. हे तुझ्या लक्षात आलं नाही, आणि मी ते तुझ्या लक्षात आणून दिलं नाही. तो दोष निम्मा माझा.”

त्यांनी कढईकडे बोट केलं.

“आता हा तिचा शेवटचा स्वयंपाक. बायका तो टाकायला निघाल्या, तू तो झाकून ठेवायला निघालास. टाकला असता तर वाया गेला असता, आणि झाकून ठेवला तर संध्याकाळी विटेल. रांधणाऱ्याचं काम जेवणारा जेवल्याशिवाय पुरं होत नाही, केवळराम. ते पुरं करायला मी आलो. रडायला तुला पुढे पुष्कळ दिवस आहेत. भाताला तेवढा वेळ नाही.”

मग त्यांनी पत्रावळीतला एक घास उचलला आणि केवळरामापुढे धरला. “कडू घास कोणाच्या घरचा घेत नाहीस ना? हा घे. हा तुझ्याच घरचा आहे.”

केवळरामाने तोंड उघडलं. घास जिभेवर टेकला आणि लसूण, हळद, मिरची, खरपूस धरलेलं शीत आणि तळ्यातल्या मरळीचा तो किंचित गोड स्वाद, सगळं एकदम आलं. चावता चावता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्याने पुसलं नाही आणि चावणंही थांबवलं नाही. घास गिळून झाल्यावर तो हळूच म्हणाला, “चांगला झालाय.”

“लई चांगला करे जी ती,” भागरताबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि आपली पत्रावळ पुढे केली. “द्या मलेपण. इतकी वर्षं नुसता वासच घेतला.”

मग एकेक बाई बसली. एका मडक्यातला भात किती जणांना पुरणार, असं कोणालाही वाटलं असतं. प्रत्येकीच्या वाट्याला दोन घास आले, तेवढे पुरले. कढईच्या तळाची खरपूड मात्र भागरताबाईंनी केवळरामाला वाढली आणि ती त्याने बोटांनी खरवडून, शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. कान मोडलेली ती कढई भागरताबाईंनी मोडीत दिली नाही. घासूनपुसून त्यांनी ती पुन्हा चुलीवर चढवली.

सुतक फिटलं. गोडाचं जेवण झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले. त्यानंतर ज्या दिवशी केवळरामाने प्रथम स्वतः चूल पेटवली, त्या दिवशी त्याने एका माणसाचा तांदूळ घेतला, तो धुतला, आणि मग थांबून त्यात आणखी एक मूठ घातली. तो दिवस कोरडा गेला. कोणी आलं नाही. सकाळी त्याने मागच्या दारी पाट टाकला.

नंतर कोणी कोणी येऊ लागलं. गुडघ्याचं दुखणं घेऊन आलेला एखादा म्हातारा, पोराला खांद्यावर घेऊन तळ्याच्या बांधावरून चालत आलेली एखादी माऊली. केवळराम त्यांना आधी जेवायला बसवी, मग नाडी पाही. ताटावर बसलेला माणूस संकोचून म्हणे, “वैद्यबुवा, तुमचा भात संपवला मी.” त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं असे. “तो तुमचाच होता. आमच्या घरी तुमचं माप आधीपासून आहे.”

बाबा कधी कधी पडवीतून विचारत, “काय रे, आज काय जेवलास?”

“शिळं,” केवळराम म्हणे, आणि दोघेही हसत. तळ्याचा मासा मिळाला, तर तो दोन तुकडे मुद्दाम उद्यासाठी राखून ठेवी. त्याची फोडणी कधी करपे, कधी मीठ जास्त होई. दुर्पताच्या हाताची चव त्याला साधली नाही. पण पलीकडची सून मात्र रोज शिंके, आणि ते ऐकलं की आपलं काही फार चुकत नाही, असं त्याला वाटे.

एकदा त्याने बाबांना विचारलं, “गेलेल्या माणसाचे आभार कसे मानायचे?”

बाबा म्हणाले, “त्याने जे उरवून ठेवलं असेल, ते आनंदाने खावं. आणि आपण उठताना कोणासाठी तरी उरवावं.”

ही गोष्ट इथे संपते. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अजून कोणी रात्री भात झाकून ठेवत असेल, त्यांनी तो उद्या सकाळी मागून घ्यावा आणि मागच्या दारी जाऊन, रांधणाऱ्याच्या शेजारी बसून खावा.

केवळरामाने पुढे तो भात शेकडो वेळा केला आणि कितीतरी जणांना वाढला. दुर्पताच्या शेजारी बसून तो एकदाही खाल्ला नाही. तेवढं राहून गेलं.